मोटारसायकलीवरून माउंटन बाईक : कुपवाडहून डोंगरापर्यंत

कुपवाड, मिरज आणि सांगली या परिसरात मोटारसायकलीवरून काय वाहून नेले जात नाही, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर शोधणे अवघड जावे. दुधाचे कॅन, वैरणीचा भारा, गॅसचे सिलिंडर, औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधून निघालेल्या लोखंडी पट्ट्या, बाजाराला निघालेली शेळी, असे सारे काही या दोन चाकांवर सामावते. या यादीत आता माउंटन बाईकचीही भर पडली आहे. घरात चारचाकी नाही, सायकल मात्र डोंगराची आहे आणि डोंगर घरापासून दूर आहे, अशा स्थितीतल्या सायकलस्वाराला दारातली मोटारसायकल हेच साधन दिसते. ही वाहतूक करता येते का, कशी करावी, कायदा तिच्याकडे कसा पाहतो आणि कोणत्या प्रसंगी ती मुळीच करू नये, याचा हा परामर्श.

सायकल आणि मोटारसायकल यांचे नाते तसे जवळचे. आरंभीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या. १९७२ साली आलेल्या लूनाला तर इंजिनाबरोबर पायडलही होते. सांगली जिल्ह्याच्या उद्योगाचा उगमदेखील सायकलीपाशीच सापडतो. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात बंधूंसमवेत जो व्यवसाय सुरू केला, तो सायकलविक्रीचा होता. माउंटन बाईक हा या कुळातला अलीकडचा अवतार. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यातल्या डोंगरउतारांवर काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली हाकू लागले. १९७६ साली तेथे सुरू झालेल्या उतारावरच्या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’ असे पडले, कारण एका उतरणीतच मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या मंडळींच्या सायकलीही डोंगरमाथ्यावर अनेकदा ट्रकमध्ये घालून नेल्या जात. डोंगराच्या सायकलीला डोंगरापर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न तिच्या जन्माइतकाच जुना आहे. पुढे १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. आपल्याकडे मात्र ‘रेंजर’ आणि ‘गिअरची सायकल’ हे शब्द ‘माउंटन बाईक’च्या आधी रुळले.

किती अंतरासाठी?

कुपवाड सपाटीवर वसलेले आहे. खडकाळ पायवाटा आणि चढउतार हवे असतील तर मिरज-पंढरपूर रस्त्यावरच्या भोसे गावाजवळचा दंडोबाचा डोंगर हे जवळचे ठिकाण. अंतर साधारण २०-२५ किलोमीटर. त्याहून लांब, देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वरचे डोंगर आहेत. धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले आणि १९८५ साली घोषित झालेले तेथील अभयारण्य मानवनिर्मित म्हणून ओळखले जाते. ही दोन्ही ठिकाणे वनक्षेत्रात मोडतात. त्यामुळे पायवाटांवर सायकल घालण्यापूर्वी वनखात्याकडे विचारणा करणे आवश्यक आहे. अभयारण्यात तर परवानगीवाचून जाताच येत नाही.

सायकल मोटारसायकलीवर चढवण्याआधी वेळेचा हिशेब करावा. माउंटन बाईकचे जाड, गाठीदार टायर डांबरी रस्त्यावर जड चालतात. तरी सराव असलेला सायकलस्वार ताशी १५ ते १६ किलोमीटरचा वेग सहज राखतो. म्हणजे २५ किलोमीटरच्या दंडोबाला सुमारे दीड तास. मोटारसायकलीला भार घेऊन हेच अंतर कापायला ३५ ते ४० मिनिटे लागतील. पण निघताना सायकल सोडून बांधायला वीस-पंचवीस मिनिटे आणि पोहोचल्यावर जोडायला जवळपास तेवढीच. म्हणजे एकूण बचत पंधरा-वीस मिनिटांची. एवढ्यासाठी हा सारा खटाटोप कोणी करावा असे वाटत नाही. २५ किलोमीटरच्या आत सायकल चालवतच न्यावी. शरीर तापते, पेट्रोल वाचते आणि डोंगराच्या पायथ्याशी मोटारसायकल कोणाच्या भरवशावर सोडायची, ही चिंताही उरत नाही. अंतर पन्नास किलोमीटरच्या पुढे गेले, किंवा कारखान्यातली साप्ताहिक सुट्टी संपवून रात्रपाळीला हजर व्हायचे असले, तरच हिशेब मोटारसायकलीच्या बाजूने झुकतो.

आणखी एक व्यावहारिक बाब या हिशेबात धरली जात नाही. डोंगर उतरून दुसऱ्या गावी निघायचे असेल तर मोटारसायकल मागेच राहते. म्हणून तिच्यासह जाणाऱ्याला पायथ्यापासून निघून पायथ्याशीच परत येणारी वाट निवडावी लागते.

रस्त्यावर दिसणारे तीन प्रकार

सायकल मोटारसायकलीवरून नेण्याच्या ज्या पद्धती रस्त्यावर सर्रास दिसतात, त्यांतल्या बहुतेक टाळण्याजोग्या आहेत. पहिला प्रकार म्हणजे मागे बसलेल्याने सायकल खांद्यावर अडकवून धरायची. यात १५ किलोंचे ओझे माणसाच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्यापासून सव्वा मीटरहून अधिक उंचीवर राहते. ओझे धरणाऱ्याचा एक हात गुंतलेला असतो आणि गाडी खड्ड्यात आदळताच तो तोल सावरण्यासाठी सायकल तरी सोडतो किंवा चालकाला तरी ओढतो. चालकाचे डोके आणि सायकलचे दातेरी चाक यांच्यात अशा वेळी वीतभर अंतर असते.

दुसरा प्रकार याहून धोक्याचा. मागे बसलेला माणूस सायकलचे हँडल एका हाताने धरतो आणि सायकल मोटारसायकलीच्या बाजूने रस्त्यावरून पळवली जाते. पंक्चर झालेली सायकल दुकानापर्यंत नेताना ही युक्ती अनेकदा दिसते. सायकलचे पुढचे चाक जरासे वळले तरी ते मोटारसायकलीकडे ओढले जाते. चाक मोटारसायकलीच्या फूटरेस्टमध्ये अडकले तर काय होईल, हे सांगायला नको. ताशी वीस किलोमीटरलाही ही पद्धत असुरक्षितच आहे.

तिसरा प्रकार वरवर पाहता समंजस वाटतो : मागच्या सीटवर सायकल आडवी टाकायची आणि दोरीने करकचून बांधायची. पूर्ण जोडलेल्या माउंटन बाईकची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. मोटारसायकलीचे हँडल टोकापासून टोकापर्यंत पाऊण मीटरच्या जवळपास भरते. म्हणजे सायकल दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर बाहेर राहते, आणि चालकाला आरशात न दिसणाऱ्या जागेत राहते. मोटारसायकलस्वार वर्षानुवर्षांच्या सवयीने आपल्या हँडलच्या रुंदीचा अंदाज घेऊन वाट काढत असतो. त्या सवयीला पाठीमागची रुंदी ठाऊक नसते. हँडल निसटून जाते आणि सायकलचे चाक शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या दुचाकीस्वाराच्या गुडघ्याला लागते. यात इजा होते ती बहुधा त्या दुसऱ्याला, ज्याचा या सायकलशी काही संबंध नव्हता.

वजन थोडे, त्रास मोठा

सायकल ‘हलकी’ असते, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. वजनाच्या बाबतीत तो खोटा नाही. चांगली माउंटन बाईक १२ ते १५ किलोंची असते. पोलादी चौकटीची स्वस्तातली सायकल १६ ते २० किलोंपर्यंत जाते. नित्याच्या वापरातल्या मोटारसायकली चालकासह सुमारे १३० किलो किंवा त्याहून थोडा अधिक भार वाहू शकतात. नेमका आकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेला असतो. ७० किलोंचा चालक आणि १५ किलोंची सायकल या मर्यादेच्या बऱ्याच आत बसतात. मागे ६० किलोंचा माणूस बसवून हिंडणाऱ्या गाडीला १५ किलोंचे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु मागे बसलेला माणूस दोन चाकांच्या मधोमध बसतो आणि वळणावर चालकाबरोबर झुकतो. सायकल ज्या जागी आणि ज्या रीतीने लादली जाते, त्यावर सारे अवलंबून असते. समजा, १५ किलोंची सायकल मागच्या आसाच्या ४० सेंटिमीटर मागे टांगली. मोटारसायकलीच्या दोन आसांमधले अंतर सव्वा मीटरच्या घरात असते. तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या चाकावरचा भार सुमारे पाच किलोंनी कमी होतो आणि मागच्यावर वीस किलो पडतात. पुढचे चाक हलके झाले की हँडल भिरभिरू लागते आणि चढावर गाडी हाताला ‘पोकळ’ लागते. आता हीच सायकल मागे न टांगता एका बाजूला, गाडीच्या मध्यरेषेपासून ३५ सेंटिमीटर अंतरावर टांगली, तर तोल राखण्यासाठी ७० किलोंच्या चालकाला दुसऱ्या बाजूला साडेसात सेंटिमीटर सरकून बसावे लागेल, किंवा गाडी सतत तिरकी धरून चालवावी लागेल. या भागातले दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन अडकवून दररोज जे करतात त्याचे मर्म हेच आहे : ओझे सायकलीच्या कितीतरी पट असले तरी ते दोहोंकडे सारखे आणि खालच्या बाजूला असते.

तिसरा घटक वाऱ्याचा. उभ्या स्थितीत आडवी बांधलेली सायकल, चौकट आणि चाके मिळून, वाऱ्याला साधारण पाव ते पाऊण चौरस मीटरच्या दरम्यानचा अडथळा करते. तो ०.३ चौरस मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटर वेगाला तिच्यावर सुमारे पाच किलोंचा दाब येतो. वेग ९० झाला की दाब दीडपट होत नाही. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून तो ११ किलोंपर्यंत पोहोचतो. हा दाब स्थिर असता तर चालकाला त्याची सवय झाली असती. पण समोरून ट्रक आला की तो आधी बाहेर ढकलतो आणि निघून जाताना आत ओढतो. कवठेमहांकाळ-जतकडच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या उगाच नव्हेत. त्या बाजूच्या उघड्या माळावर आडवा वारा लागला तर रिकामी मोटारसायकलही सरकते.

सायकल नव्हे, सुटे भाग

या सगळ्यातून निघणारा मार्ग एकच : सायकल अखंड नेऊ नये, सोडून न्यावी. माउंटन बाईकची रचना यासाठी सोयीची आहे. बहुतेक मध्यम किमतीच्या सायकलींना चाक काढण्यासाठी कळ असते, हत्यार लागत नाही. स्वस्तातल्या सायकलींना १५ मिलिमीटरचा पाना पुरतो. बाकीचे काम चार, पाच आणि सहा मिलिमीटरच्या अ‍ॅलन की करतात.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम मागची चेन सर्वांत लहान दातेरी चाकावर आणावी; त्यामुळे मागचे चाक सहज निघते. मग दोन्ही चाके काढावीत. डिस्क ब्रेक असल्यास चाक निघाल्यानंतर ब्रेकची मूठ चुकूनही दाबू नये. तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये मधली डिस्क नसताना मूठ दाबली तर आतले ब्रेकपॅड एकमेकांना चिकटतात आणि डोंगराच्या पायथ्याशी ते पुन्हा दूर सारत बसावे लागते. पॅडच्या मधे जाड पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली की ही भीती राहत नाही. सीटचा दांडा काढण्याआधी त्यावर चिकटपट्टीने खूण करावी, म्हणजे जोडताना उंची पुन्हा शोधावी लागत नाही. पायडल काढताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरून अनेकजण आटे खराब करून बसतात. पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या मागच्या दिशेला ओढला की दोन्ही बाजूंचे पायडल सुटते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. शेवटी हँडलचे बोल्ट सैल करून ते चौकटीला समांतर फिरवावे.

आता हाताशी तीन नग उरतात : एक चौकट आणि दोन चाके. चौकट मोटारसायकलीच्या मागच्या सीटवर आणि कॅरिअरवर, लांबीच्या दिशेने, सपाट निजवावी. चेन आणि गिअरची बाजू वर ठेवावी, कारण गिअर बदलणारा डिरेलर आणि तो जिथे बसतो तो छोटा कान हे सायकलचे सर्वांत नाजूक अवयव. खाली दुमडलेले गोणपाट किंवा फोमचा जाड तुकडा हवा. चाके काढलेल्या चौकटीची लांबी सव्वा मीटरच्या आत आणि रुंदी ६०-७० सेंटिमीटर भरते. म्हणजे ती मोटारसायकलीच्या हँडलच्या रुंदीत बसते. येथे एकच नियम पाळावा : जे हँडलच्या बाहेर जाते ते न्यायचे नाही. २९ इंची सायकलच्या मोठ्या चौकटी काही वेळा या कसोटीला उतरत नाहीत. त्यांचे हँडल पूर्ण सोडवून वेगळे बांधावे लागते.

दोन चाके दोन बाजूंना, पिशवीत घालून, गाडीला लगटून टांगावीत. अडचण येते ती सायलेन्सरची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो आणि टायरचे रबर त्याला टेकले तर वास येईपर्यंत कळतही नाही. म्हणून उजवे चाक वर उचलून बांधावे आणि मधे प्लायवुडची फळी घालावी. डाव्या बाजूला साडीगार्डचा आधार आयता मिळतो. चेन पुसून, तिच्यावर जुने कापड गुंडाळावे, नाहीतर ग्रीसचे डाग आधी सीटला आणि नंतर पँटला लागतात.

बांधणीसाठी आपल्याकडे जुन्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा आकड्यांच्या लवचिक दोऱ्या वापरल्या जातात. त्या ओझे जागेवर धरून ठेवायला मदत करतात, परंतु मुख्य बांधणी त्यांच्यावर सोपवणे चूक आहे. धक्का बसला की रबर ताणते आणि ओझे एकदा हलले की हलतच राहते. ताणलेला आकडा निसटून डोळ्याला इजा होण्याचा धोका वेगळाच. सुती किंवा तागाची दोरी भिजली की आवळते आणि वाळली की सैल पडते. पावसाळी दिवसांत तिचा भरवसा धरू नये. बकलचे, न ताणणारे नायलॉनचे रुंद पट्टे सर्वांत चांगले. ते चार ठिकाणी, दोन पुढे आणि दोन मागे, गाडीच्या पक्क्या भागांना बांधावेत. इंडिकेटर, मडगार्ड यांना कधीही बांधू नयेत. पट्ट्याची उरलेली शेपटी गाठ मारून आत खोचावी, कारण लोंबकळणारे टोक मोटारसायकलीच्या चेनमध्ये किंवा चाकात गेले तर गाडी जागच्या जागी अडकते. साखळीसारखा आवळणारा पट्टा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर बेताने ओढावा. कार्बनच्या चौकटीवर वापरूच नये. पहिल्या पाच-सात किलोमीटरनंतर थांबून सारे पट्टे हाताने तपासणे हा बांधणीचाच भाग समजावा.

हे सारे गाडी मेन स्टँडवर उभी करून करायचे. साइड स्टँडवर तिरकी उभी असलेली गाडी मागे ओझे चढताच कलंडते. मागच्या टायरमध्ये दोन माणसांसाठी सांगितलेली हवा भरावी आणि मागच्या शॉकअ‍ॅबला कडक करण्याचे खाचे असतील तर ते एक-दोनने वाढवावेत. मागचा भाग दबल्याने हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत पडतो, हेही रात्री निघणाऱ्याने ध्यानात घ्यावे. गाडीवर बसताना पाय मागून टाकता येत नाही. तो पुढून, टाकीवरून टाकावा लागतो. घाईत हे विसरून लाथ ओझ्यालाच बसते.

परदेशात मोटारसायकलीच्या मागे बसवायचे सायकलचे तयार रॅक मिळतात. त्यांवर पुढचे चाक काढून सायकल उभी टांगली जाते. तसा रॅक कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत करून घेणे अवघड नाही. फॅब्रिकेशनची कामे करणाऱ्यांची येथे वाण नाही. परंतु दोन पथ्ये पाळावीत. रॅक बोल्टने बसणारा आणि काढता येणारा असावा. मोटारसायकलीच्या चासीला वेल्डिंग करू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा धातू कमकुवत होतो आणि तडा नेमका तिथेच जातो. शिवाय एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे नव्या गाड्यांत इंधन सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे आहे आणि गाडीवर वेल्डिंग केल्यास ती बिघडू शकते.

कायदा काय म्हणतो?

मोटारसायकलीवरून सायकल नेण्यासंबंधी स्वतंत्र तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. तिला परवानगी आहे, असा अर्थ यातून काढणाऱ्यांनी १९८८च्या या कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४ (१-अ) वाचावे. वाहनावरचा भार बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला अनुज्ञेय मर्यादेबाहेर जात असेल तर वीस हजार रुपये दंड आणि तो भार उतरवण्याचा खर्च, अशी ही तरतूद आहे. तिच्या शब्दांत मालवाहू वाहन असा भेद केलेला नाही. तडजोड शुल्क किती घ्यायचे हे राज्य सरकार ठरवते. तथापि, सीटवर आडवी टाकलेली सायकल या शब्दांच्या कक्षेत येऊ शकते, हे उघड आहे. भार धोकादायक रीतीने नेताना अपघात झाला तर धोकादायक वाहन चालवण्याचे कलम १८४ वेगळे लागू शकते.

दुचाकीवर किती आकाराचे सामान असावे याबद्दल शासनाची कल्पना काय आहे, हे २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलावरून समजते. दुचाकीला हलकी पेटी बसवायची झाल्यास तिची लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि ती मागच्या आसनाच्या जागी ठेवली असेल तर चालकाखेरीज दुसरा कोणी बसू नये, असे त्यात म्हटले आहे. सायकल म्हणजे पेटी नव्हे. पण माउंटन बाईकचे एकटे चाकदेखील या मापात बसत नाही, यावरून आपण किती मोठी वस्तू नेत आहोत याचे भान यावे.

वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत कलम ५२ कडक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालाने ते अधिक स्पष्ट झाले : उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मान्य नाहीत. चासीला कायमचा जोडलेला सांगाडा याच कारणाने अडचणीचा ठरू शकतो आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही त्यावरून वाद उद्भवू शकतो. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही, हे पाहणे चालकाचेच काम. हेल्मेटबाबतही एक गैरसमज आहे. सायकलचे हेल्मेट घालून मोटारसायकल चालवणे कायद्याला मान्य नाही. दुचाकीच्या हेल्मेटला भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह लागते आणि जून २०२१ पासून ते सक्तीचे आहे. म्हणजे दोन हेल्मेट न्यावी लागणार आणि सायकलच्या हेल्मेटसाठीही जागा काढावी लागणार.

रस्ता आणि परतीचा प्रवास

सांगली-मिरज परिसरात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्त्यांचे रूप पालटते. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ओलांडताना मोटारसायकलस्वाराला बराच वेळ उजव्या बाजूला राहावे लागते आणि ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस मागच्या ओझ्याला अडकण्याची शक्यता असते. अंधार पडल्यावर मागे दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर उभी ठाकते. अशा वेळी भार लादलेल्या गाडीला थांबायला नेहमीपेक्षा अधिक अंतर लागते. वेगाची मर्यादा ताशी पन्नास किलोमीटर अशी स्वतःच घालून घ्यावी आणि हंगामात दिवस मावळायच्या आत घरी परतावे.

सर्वांत दुर्लक्षित धोका परतीच्या प्रवासातला आहे. सकाळी ताज्या हातांनी आणि शांतपणे केलेली बांधणी संध्याकाळी तशी होत नाही. चार तास डोंगरात सायकल चालवून मनगटे आणि पाय थकलेले असतात, पाणी संपलेले असते, घरी पोहोचण्याची ओढ असते. मग चौथा पट्टा बांधायचा राहतो, हँडल तसेच राहते, चाके आडवी टाकली जातात. ज्याला संध्याकाळी अर्धा तास विश्रांती घेऊन मग पट्टे बांधण्याचा धीर नाही, त्याने ही वाहतूक हाती घेऊ नये. मागे सोबती बसवून सायकलही नेण्याचा मोह तर सकाळी आणि संध्याकाळीही टाळावा.

पर्याय नाहीत असे नाही. तीन-चार सायकलस्वार मिळून ‘छोटा हत्ती’ ठरवला तर सायकली न सोडता, उभ्या बांधून नेता येतात आणि खर्च वाटला जातो. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल चढवून गावी नेणे ही नित्याची गोष्ट होती. टप असलेल्या गाड्या कमी होत गेल्या तशी ती सोय आटली. घडीची सायकल पिशवीत बसते, पण डोंगरातल्या खडकाळ वाटेवर तिची छोटी चाके निरुपयोगी. सागरेश्वरसाठी रेल्वेचा विचार अवश्य करावा. मिरज-पुणे मार्गावर किर्लोस्करवाडी आणि ताकारी ही स्थानके डोंगराच्या जवळ आहेत आणि सायकल लगेज म्हणून नोंदवून ब्रेक व्हॅनमधून नेता येते. अडचण आहे ती लहान स्थानकांवर गाडी थोडाच वेळ थांबते याची. त्यामुळे कोणती गाडी तिथे थांबते आणि त्या स्थानकावर सामान उतरवून घेता येईल का, याची चौकशी मिरज जंक्शनच्या पार्सल कार्यालयात आधीच करून ठेवावी. नोंदणीच्या वेळी सायकलमधले पाण्याचे बाटलीपात्र, दिवा आणि सीटखालची हत्यारांची पिशवी काढून स्वतःजवळ घ्यावी.